सातचा भोंगा आणि सव्वानऊचा कॅरम : प्रकल्प नोंदी

१ जून २०२५, रविवार

प्रकल्पाला नाव अजून नाही. काम एवढंच की फेसबुक आणि इन्स्टा बंद करायचं आणि जो वेळ सुटेल तो बिल्डिंगमधल्या माणसांना द्यायचा. ऑफिसात टेस्टिंगचा रोजचा लॉग लिहायची सवय आहे म्हणून हेही तसंच लिहितेय, नाहीतर दोन आठवड्यांनी मला स्वतःलाच आठवणार नाही की काय ठरलं होतं.

दोन्ही अकाउंट डिलीटला टाकली. लगेच डिलीट होत नाहीत, ३० दिवस थांबतात, तेवढ्यात एकदा लॉगिन केलं की सगळं जसंच्या तसं परत. थोडक्यात दार ढकलून ठेवलंय त्यांनी, येशीलच गं. व्हॉट्सॲप ठेवलंय कारण शाळेचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप आणि चिपळूणच्या घराचा ग्रुप यातलं एकही सोडणं शक्य नाही, आणि जो सांगतो की सोडलं त्याच्या घरात दुसरं कोणीतरी ते बघत असतं हे नक्की.

जागा: डोंबिवली पूर्व, चार विंग, ६४ फ्लॅट. पंपरूम आणि सोसायटी ऑफिसच्या मधे स्टिल्टमध्ये, म्हणजे बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये, एक कोपरा रिकामा आहे. तिथे सध्या मोडका पाळणा, कोणाचा तरी जुना गीझर आणि मांजर.

७ जून, शनिवार

जरा शोधाशोध केली की आधी असं कोणी केलंय का. आपल्याकडचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव, कडेगाव तालुका. तीन हजारांच्या आसपास वस्ती. १४ ऑगस्ट २०२२ ला गावाने ठरवलं आणि संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही मोबाईल बंद, साडेआठला परत भोंगा वाजला की चालू. त्या दीड तासात पोरं अभ्यास करतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. आशाताई, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीची माणसं, रिटायर्ड शिक्षक असे घरोघरी फिरून समजावत होते तेव्हा कुठे ते रुळलं. बातम्यांमध्ये हे वाक्य शेवटी असतं आणि भोंगा हेडिंगमध्ये असतो. माझ्या मते उलट पाहिजे, भोंगा कोणीही लावेल, घरोघर फिरायला माणसं लागतात.

नवरा म्हणाला आपणही लावू भोंगा. मी म्हटलं सातला तू कुठे असतोस? घाटकोपरच्या पुढेमागे कुठेतरी, एका हाताने वर धरून लटकलेला. डोंबिवलीत सातला घरात असतात ती फक्त म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि माझ्यासारखे वर्क फ्रॉम होम वाले. वडगावचा टायमिंग इथे चालणारच नाही.

१४ जून, शनिवार

सेक्रेटरी काकांना अर्ज दिला. अर्ज का लागतो विचारू नका. त्यांचा पहिला प्रश्न, "लाईट कोणाच्या मीटरवर?" दुसरा, "चहा कोण करणार?" पहिल्याचं उत्तर कॉमन मीटर. दुसऱ्याचं उत्तर मी लेखीच दिलं: चहा कोणाच्याही घरातून येणार नाही. कारण मला माहितीये हे कसं होतं, पहिल्या दिवशी कौतुकाने कोणीतरी थर्मास आणते, दुसऱ्या आठवड्यात तो तिचा धर्म होतो आणि तिसऱ्या महिन्यात ती खाली यायचीच बंद होते कारण ती वर ओट्याशी असते. ज्याला पाहिजे त्याने गेटबाहेरच्या टपरीवरून कटिंग आणावा.

पाळणा भंगारवाल्याला गेला. गीझर कोणाचा ते कोणीच कबूल करत नाहीये. मांजर आहे तिथेच.

१८ जून, बुधवार

पहिली बैठक काल झाली. ग्रुपवर टाकलं होतं, "या गप्पा मारायला". अंगठे भरपूर आले, माणसं मोजकी. जी आली ती प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गोलात बसली, लग्न जमवायला आल्यासारखी. पाऊस काय म्हणतोय, या वर्षी मे मध्येच आला, हो ना, २६ मे ला म्हणे मुंबईत, एवढा लवकर कधीच नव्हता. मग शांतता. मग एकाने मोबाईल काढला, मग दुसऱ्याने, मग सगळेच निवांत झाले.

यात कोणाचा दोष नाही खरंतर. "गप्पा मारायला या" हे काही बोलावणं नाहीये. आपल्याकडे नुसत्या गप्पा मारायला कोणी कधी जायचंच नाही, पाणी भरायला जायचे, दळण टाकायला जायचे, वाटीभर विरजण मागायला जायचे, गप्पा त्यात आपोआप व्हायच्या. आता पाणी नळाला, पीठ पाकिटात आणि विरजण दहा मिनिटांत दारात येतं, आणि मग त्या गप्पांना कामच उरलं नाही.

२५ जून, बुधवार

आज ऑफिसला जायचं होतं (आठवड्यातून तीन दिवस विक्रोळी). परतीच्या गाडीत लेडीज डब्यात चौथ्या सीटवर अर्धी टेकले होते आणि समोरची बाई पिशवीतून गवार काढून मोडत होती. शेजारणीने न विचारता मूठभर घेतली आणि मोडायला लागली. ओळख नव्हती हो त्यांची, मी नंतर विचारलं. मुंब्रा येईपर्यंत सासू, गुडघा आणि मुलाची ॲडमिशन सगळं होऊन गेलं होतं.

फोन एकीच्याही हातात नाही कारण हातच मोकळे नव्हते.

घरी येऊन लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलं: बुधवार, साडेसहा, पार्किंगचा कोपरा, निवडायची भाजी घेऊन या.

५ जुलै, शनिवार

भाजीचं चाललं!! पहिल्याच बुधवारी मेथी, गवार, शेपू आणि एकीचे चक्क निवडायचे तांदूळ. बी विंगच्या काकू, ज्यांना मी लिफ्टमध्ये फक्त "कितव्या मजल्यावर?" एवढंच विचारत आले होते, त्या पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या आणि ट्रंक कॉल जोडून द्यायच्या. रात्रपाळीला कोणाचे बाळंतपणाचे निरोप, कोणाचे वाईट निरोप, सगळं त्यांच्या कानावरून गेलेलं. किस्से असे की मेथीची देठं पानांत गेली आणि पानं कचऱ्यात.

तळमजल्यावरच्या आजींना भाजी निवडायची नसते, त्यांना फक्त दुसऱ्याची चुकीची निवडली जातेय हे सांगायचं असतं. चालेल.

पुरुषमाणसं येत नाहीत. एक काका आले, उभे राहिले, "चालू द्या" म्हणाले आणि गेले.

१२ जुलै, शनिवार

त्याच काकांनी मला सकाळी दूध आणताना गाठलं. ते उद्यानातल्या हास्यक्लबला जातात. मला वाटायचं हे हास्यक्लब परदेशातून आलेलं फॅड असेल, तर ते मुंबईचंच आहे, डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ ला लोखंडवालाच्या बागेत पाचेक लोकांना घेऊन सुरू केलं आणि तिथून जगभर गेलं. काकांना तारखेसकट पाठ. म्हणाले, "आमच्यात रिमाइंडर नसतो. पहाटे सहा म्हणजे सहा. जो नाही आला त्याच्या घरी कोणीतरी परस्पर जाऊन येतं." हसायला येत नसेल तरी हा हा हा करायचं, थोड्या वेळाने खरं येतं. मला ते अजूनही थोडं विचित्रच वाटतं पण वेळेचा मुद्दा बरोबर आहे. ॲपने आपली एक सवय घालवली ती म्हणजे ठरलेल्या वेळेला ठरलेल्या जागी नुसतं जाऊन उभं राहणं. आता प्रत्येक वेळी पोल टाकायचा, येणार/नाही/बघतो, आणि "बघतो" जिंकतो.

त्यांच्या सल्ल्याने दोन पाळ्या केल्या. साडेसहाची म्हातारी आणि पोरांची. सव्वानऊची नोकरीवाल्यांची, जेवण झाल्यावर, शतपावलीच्या नावाखाली. सव्वानऊला कॅरम. बोर्ड ए विंगच्या माळ्यावरून निघाला, एका कोपऱ्याची जाळी फाटलेली, दोन काळ्या सोंगट्या गायब, त्यांच्याऐवजी शर्टाची मोठी बटणं. बोरिक पावडर केमिस्टकडून.

२६ जुलै, शनिवार

कॅरमला इतके येतात की नंबर लावावा लागतो. माझा नवरा, जो रात्री सोफ्यावर रील बघता बघता घोरायचा, तो आता साडेनऊला खालून ओरडत असतो की क्वीन कव्हर नाही झाली, क्वीन परत ठेव. भांडणं होतात. चांगलं आहे, फेसबुकवर भांडण झालं की ब्लॉक करता येतं, इथे सकाळी त्याच माणसाबरोबर ८.०४ च्या लोकलला धावायचं असतं.

अजून एक गोष्ट लक्षात आली. कट्टा संपतो. साडेआठला कुकर लावायचा म्हणून एकजण उठते की बाकीच्याही उठतात. दहाला वॉचमन दिवा घालवतो. फोनवर हे होतच नाही. ती खाली खाली सरकवत राहायची सोय, इन्फिनिट स्क्रोल, २००६ मध्ये ॲझा रॅस्किन नावाच्या डिझायनरने काढली, पानाचा शेवटच काढून टाकला, आणि नंतर त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. आम्ही सॉफ्टवेअरवाले अशा गोष्टींना "युजरचा त्रास कमी केला" म्हणतो. तो त्रासच माणसाला उठवून झोपायला पाठवत होता ना पण.

३ ऑगस्ट, रविवार

सी विंगमधली बारावीतली मुलगी मुलाखत घ्यावी तशी बसली माझ्यासमोर. "काकू, तुम्ही इन्स्टा सोडलं कारण तुमच्या मैत्रिणी आधीच झालेल्या आहेत. मी सोडलं तर कॉलेजचा डे कधी, कोण कोणाशी बोलत नाही, क्लासची जागा बदलली, काहीच कळणार नाही. माझ्यासाठी ती टाइमपासची जागा नाहीये, ती आमची कँटीन आहे." मला यावर उत्तर नव्हतं आणि अजून नाही. ऑस्ट्रेलियाने १६ वर्षांखालच्या मुलांना सोशल मीडियाची बंदी करणारा कायदा गेल्या नोव्हेंबरात केला, या १० डिसेंबरला लागू होतोय. आपल्याकडे यवतमाळच्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्येच १८ खालच्या मुलांच्या मोबाईलवर बंदीचा ठराव केला होता. मला मुलांवरची बंदी जरा सोयीची वाटते. माझा पोरगा पाचवीत आहे, त्याने जेवताना यूट्यूब मागितलं तर मी ओरडते, आणि त्याच टेबलवर आजोबा गुड मॉर्निंगचे गुलाब पुढे पाठवत असतात.

त्या मुलीला कॅरम येतो, आणि बटणवाली सोंगटी ती बरोबर घालवते.

१० ऑगस्ट, रविवार

किंमत पण लिहायला पाहिजे, नाहीतर हा लॉग कसला, जाहिरात झाली.

कॉलेजमधल्या मैत्रिणीला मुलगी झाली, बारसंही झालं, मला कळलंच नाही, सगळं इन्स्टावर होतं. फोन केला तर तिला वाटलं मी रागावलेय म्हणून लाईक केलं नाही. नाशिकच्या एकीशी माझं नातंच मुळी एकमेकींच्या पोस्टखाली बदाम टाकण्याचं होतं, ते संपलं, आणि मला त्याचं वाईटही वाटलं नाही याचं जरा वाईट वाटलं. काहीजणी मात्र खरंच हव्या होत्या. म्हणून पोस्टात गेले. कार्ड अजून ५० पैशाला मिळतं! काउंटरवरच्या माणसाला गठ्ठा शोधायला वेळ लागला. श्रावणातली पत्रं म्हणून एकेकीला लिहिलं. उत्तर पत्राने एकाही बाईचं आलं नाही. एकीने माझ्या कार्डाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला, खाली "जुने दिवस". अगं उत्तर लिही ना.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून धो धो. आज मेन लाईन सीएसएमटी ते ठाणे कित्येक तास बंद होती. मी घरून काम करत होते, नवरा सुदैवाने निघालाच नव्हता. डी विंगमधले नवराबायको दोघेही मुंबईत अडकले, मुलगा सात वर्षांचा, पाळणाघर सहाला बंद होतं. इथे व्हॉट्सॲपच कामाला आलं, ते नाकारून कसं चालेल, कुठली गाडी कुठे उभी आहे, पाणी कुठे किती आहे सगळं त्यावरच. पण मेसेज गेल्यावर पोराला आणायला गेल्या त्या बी विंगच्या काकू, आणि तो त्यांच्याबरोबर निमूट आला कारण बुधवारी त्यांच्या मेथीची देठं तोच मोजत बसतो. दोन महिन्यांपूर्वी त्याने त्यांना ओळखलंही नसतं. जेवला, झोपला. आईवडील उशिरा रात्री पोचले, गुडघ्यापर्यंत चिखल.

आज कॅरम नाही, स्टिल्टमध्ये पाणी आलं. बोर्ड टेबलावर चढवला. गीझर भिजला, छान झालं.

३० ऑगस्ट, शनिवार

गणपती. नोंद लिहायला वेळ नाही. मखर थर्माकोलशिवाय, पुठ्ठा आणि जुन्या साड्या, कापायला सव्वानऊवाली गँग. आरतीला कोणाचं "लवथवती" कुठून सुरू होतं यावर नेहमीचा गोंधळ. दरवर्षी आरतीचं लाईव्ह करणाऱ्या दादांनी यावर्षी केलं नाही, कारण दोन्ही हातात झांजा दिल्या होत्या. हे मुद्दाम केलं होतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज वार्षिक सभा. कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते म्हणून पितृपक्षात. विषय क्रमांक सहा: रिकाम्या कोपऱ्यात टू व्हीलर पार्किंग.

ज्यांना पार्किंग पाहिजे त्यांचं चूक नाहीये, गाड्या खरंच रस्त्यावर लागतात आणि एकाची गेल्या वर्षी चोरीला गेली. ते म्हणाले बारा महिने आम्ही मेंटेनन्स भरायचा आणि जागा काय गवार मोडायला? कोणीतरी मागून "शेपू पण" म्हणालं. खजिनदार म्हणाले गप्पा मारायच्या तर ज्याच्या त्याच्या घरी मारा की. यावर तळमजल्याच्या आजी उभ्या राहिल्या, सभेत त्या याआधी कधी बोललेल्या मला आठवत नाही. "घरी बोलावलं की पसारा आवरावा लागतो, फराळाचं करावं लागतं, सूनबाईच्या तोंडाकडे बघावं लागतं. खाली कोणाच्या घरी जायचं नसतं म्हणून तर मी येते." सूनबाई तिथेच बसल्या होत्या.

मला वाटतं अख्ख्या प्रकल्पाबद्दल कोणी नीट काही बोललं असेल तर हेच. मी तीन महिने वेळ आणि हाताला काम एवढंच घोकत होते. जागा कोणाचीच नसणं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मी आपली खुर्च्या मोजत होते.

मतदान झालं नाही. विषय कमिटीकडे. म्हणजे दिवाळीनंतर.

२७ सप्टेंबर, शनिवार

भोंडला. पाटावर हत्ती खडूने काढला, मांजरासारखा दिसत होता. "ऐलमा पैलमा" आजींना आणि काकूंना सगळं पाठ, आमच्या पिढीला पहिल्या दोन ओळी, पोरींना काहीच नाही, म्हणून त्या गुगल करायला लागल्या आणि आजींनी "फोन ठेव, माझ्या मागून म्हण" असा दम दिला. खिरापत ओळखायला सगळ्यात जास्त वेळ लागला. गोड की तिखट, तळलेलं की उकडलेलं. भोपळ्याचे घारगे होते. बारावीवालीने ओळखले, वास आला म्हणे.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा म्हणून आज गाडीत डब्याची पूजा. झेंडूच्या माळा, दाराला तोरण, पेढे. आमच्या डब्यात ही प्रथा माझ्या आधीपासून आहे, कोण पैसे गोळा करतं, कोण फुलं आणतं, मला कित्येक वर्षं माहितीच नव्हतं, मी फक्त फोटो काढून टाकायचे. यावर्षी विचारलं. एक कुर्ल्याला उतरणारी बाई आहे, दादरच्या फुलबाजारातून आदल्या दिवशी आणते. पुढच्या वर्षी तिच्याबरोबर जायचं ठरलंय.

२० ऑक्टोबर, सोमवार

पहिली आंघोळ करून फडके रोड. ज्यांना डोंबिवली माहीत नाही त्यांच्यासाठी: दिवाळीच्या पहिल्या सकाळी अख्खं गाव, विशेषतः तरुण पोरंपोरी, नवे कपडे घालून गणेश मंदिराजवळ फडके रोडवर येतात. निमंत्रण नाही, आयोजक लागत नाही, कोण कोणाला भेटेल माहीत नाही, आणि हे मोबाईल यायच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. शाळा सोडून गेलेले, लग्न होऊन गेलेल्या, पुण्याला गेलेले, सगळे तिथे सापडतात कारण सगळ्यांना माहिती असतं की तिथेच असायचं. आमच्या बिल्डिंगमधली दोन लग्नं या रोडवर जमलेली आहेत, एक तर सेक्रेटरी काकांचंच!! काल कळलं, कॅरम खेळताना.

अर्थात आता निम्मा रोड रील काढत असतो. ढोल वाजला की ढोल कमी आणि हात वर केलेले फोन जास्त. मला कॉलेजमधली ती बारसंवाली मैत्रीण भेटली, बाळासकट. न ठरवता. बाळ माझ्या कानातलं ओढत होतं आणि आम्ही दोघी रस्त्यात उभ्या, मागून लोकांचे धक्के.

२ नोव्हेंबर, रविवार

कमिटीचा निर्णय आला: कोपऱ्याचा पंपरूमकडचा भाग टू व्हीलरला, ऑफिसकडचा कट्ट्याला. कॅरमचं टेबल पावसाळ्यात सोसायटी ऑफिसात न्यायचं, किल्ली वॉचमनकडे. खुर्च्या कमी पडतील. बुधवारच्या भाजीवाल्या म्हणाल्या आम्ही सतरंजीवर बसू, गुडघेवाल्यांना खुर्च्या. गीझरचा मालक सापडला, पार्किंगसाठी सगळ्यात जास्त भांडलेले तेच. नेला एकदाचा.

आठ तारखेपासून मी दोन आठवडे चिपळूणला आहे, म्हणून किल्ली, बोरिक पावडर आणि ट्यूबलाईटवाल्याचा नंबर बारावीवालीला दिला. हा लॉगही मी इथे थांबवतेय. फळ्याखाली सुतळीने एक वही टांगलीय, ज्याला जे लिहायचं ते तिथे लिहावं. काल रात्रीची नोंद तिच्यात आलेली आहे, अक्षर खजिनदारांचं: "स्ट्रायकर कोण घरी घेऊन गेलं? सव्वानऊच्या आत आणून द्यावा. बटणाने खेळणार नाही."